घरच्या मत्स्यटाकीचे वीजबिल आटोक्यात कसे ठेवावे : नवोदितांसाठी मार्गदर्शन

घरात पहिली मत्स्यटाकी आली की सुरुवातीचे काही आठवडे सगळे लक्ष माशांकडेच असते. मग थंडीतले पहिले वीजबिल हाती पडते आणि घरातल्या कोणाचे तरी बोट दिवसरात्र गुरगुरणाऱ्या पंपाकडे जाते. रात्री तो बंद ठेवावा असे ठरते, आणि नवखा पाळणारा ते मान्यही करतो, कारण जी वस्तू सतत आवाज करते तीच वीज खात असणार असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात साधा एअर पंप साधारण ४ वॅटचा असतो. तो रोज रात्री ८ तास बंद ठेवला तर महिन्याला पुरते १ युनिटही वाचत नाही. मात्र त्याच रात्री टाकीतले मासे प्राणवायूसाठी पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करू लागण्याची शक्यता असते. वीज खाणारी खरी वस्तू काचेच्या कोपऱ्यात आवाज न करता उभी असते, आणि ती म्हणजे हीटर.

दोन ते चार फुटांची, गोड्या पाण्याची एखादी टाकी घरात ठेवणाऱ्या किंवा ठेवू पाहणाऱ्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरणे पुण्या-नाशिककडच्या हवामानाची घेतली आहेत, कारण माझा स्वतःचा अनुभव पुण्याचा आहे. कोकण, मुंबई, गोवा आणि विदर्भ येथे जिथे फरक पडतो तिथे तसे नमूद केले आहे. खाऱ्या पाण्याच्या आणि प्रवाळांच्या टाक्यांना प्रखर दिवे, लाटा निर्माण करणारे पंप आणि बहुधा पाणी थंड करणारे यंत्रही लागते, त्यामुळे वीजखर्चाची चिंता असलेल्या नवोदिताने त्या वाटेला तूर्त जाऊ नये, एवढेच येथे सांगतो.

पहिली पायरी : आधी मोजावे

हिशेब अगदी सोपा आहे. उपकरणावर लिहिलेले वॅट गुणिले दिवसातले तास, भागिले १०००, म्हणजे दिवसाचे युनिट; त्याला ३० ने गुणले की महिन्याचे. समजा, ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी आहे. १ घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणून ही टाकी काठोकाठ १२७ लिटरची झाली. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ११० लिटर पाणी धरू. या टाकीत २० वॅटचा एलईडी दिवा १० तास, १५ वॅटचा फिल्टर २४ तास, ४ वॅटचा एअर पंप २४ तास चालतो, आणि थंडीत १०० वॅटचा हीटर चालू-बंद होत दिवसाकाठी एकूण १० तास तापतो. महिन्याचा हिशेब असा येतो : दिवा ६ युनिट, फिल्टर जवळपास ११, एअर पंप ३ हून किंचित कमी आणि हीटर ३०. एकूण सुमारे ५० युनिट, आणि त्यांपैकी ३० एकट्या हीटरचे.

दिवा आणि पंप यांचे तास आपल्याला ठाऊक असतात, पण हीटरचे ठाऊक नसतात, कारण तो आतल्या थर्मोस्टॅटच्या आज्ञेने चालतो. त्यासाठी प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचे छोटे वॉटमीटर मिळते. ते एक आठवडा हीटरला लावून ठेवावे. ते विकत घ्यायचे नसेल तर घराचा मीटरही कामाला येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि किती लुकलुकी म्हणजे १ युनिट हे मीटरच्या दर्शनी पट्टीवर छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरातले बाकी सर्व काही, फ्रीज, वायफाय आणि इन्व्हर्टरसह, १५ मिनिटे बंद करून केवळ टाकी चालू ठेवावी आणि लुकलुकी मोजाव्यात. ३२ भरल्या तर तासाला १२८ झाल्या. १२८ भागिले ३२०० म्हणजे ०.०४ किलोवॅट, अर्थात ४० वॅट. एकदा हीटर तापत असताना आणि एकदा तो बंद असताना असे दोन्ही वेळा मोजले की प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसतो. ही खटपट करणाऱ्या बहुतेकांना एखादे आश्चर्य हमखास भेटते. मला ते एका जुन्या फिल्टरच्या रूपाने भेटले, ज्याच्या अंगावर लिहिलेले वॅट आणि प्रत्यक्ष वापर यांत बराच फरक होता.

बिलाच्या रचनेकडेही एकदा नजर टाकावी. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्या टप्प्यापेक्षा चढा असतो. टाकीची वीज ही घरातल्या मूळ वापराच्या वर पडणारी भर आहे, त्यामुळे तिला तुमच्या घरी लागू होणाऱ्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागतो, सरासरी दर नव्हे. महिन्याला ८५ युनिट वापरणाऱ्या घरात ५० युनिटांची टाकी आली तर त्यांतले ३५ युनिट महागड्या टप्प्यात जातात. त्यावर प्रत्येक युनिटमागे वहन आकार आणि मग वीज शुल्क आहेच. दर वेळोवेळी बदलत असल्याने पुढे सर्व हिशेब युनिटांतच दिला आहे. आपल्या बिलाच्या मागील बाजूस छापलेला दर घेऊन रुपये काढणे कठीण नाही.

दुसरी पायरी : उपकरणांआधी मासे ठरवावेत

ही पायरी मी मुद्दाम इतक्या आधी घेतली आहे, कारण बाकी सर्व उपाय मिळून जेवढी वीज वाचवतात त्याहून अधिक वीज माशांच्या योग्य निवडीने वाचू शकते. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता ही पाणी आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. खोली २० अंशांवर असताना पाणी २८ अंशांवर ठेवायचे तर फरक ८ अंशांचा आणि २४ अंशांवर ठेवायचे तर ४ अंशांचा. म्हणजे चार अंश खाली आल्यावर हीटरचे काम जवळजवळ निम्म्यावर येते. त्यामुळे २९-३० अंशांचे पाणी मागणारा डिस्कस मासा पुण्याच्या जानेवारीत पाळायचा असेल तर त्याची किंमत केवळ दुकानात मोजून संपत नाही.

नवोदितासाठी झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे दोन मासे मला सर्वांत योग्य वाटतात. दोन्ही भारतीय उपखंडातलेच आहेत, दोन्ही १८-२० अंशांपर्यंत उतरलेल्या पाण्यात तग धरतात आणि उन्हाळ्यातले चढते तापमानही चांगले सोसतात. प्लॅटी २२ अंशांच्या आसपास समाधानी असतात. गप्पींना २३-२४ अंश पुरतात. मॉली, एंजल आणि फायटर म्हणून विकला जाणारा बेट्टा यांना मात्र २४ ते २८ अंश लागतात, आणि वीज वाचवायची म्हणून बेट्टाला बिनहीटरच्या गार भांड्यात ठेवणे हे त्या जिवाचे हाल करणे आहे. ज्याला ते ऊबदार पाणी देता येत नाही त्याने तो मासा आणूच नये.

गोल्डफिश थंड पाण्यात आनंदाने राहतो आणि त्याला हीटर लागत नाही, पण तो भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि मोठाही होतो, त्यामुळे हीटरमध्ये वाचलेली वीज काही अंशी मोठ्या फिल्टरमध्ये जाते. केवळ थंडीला शोभणारे मासे निवडण्याचा मोहही टाळावा. केरळच्या डोंगरी ओढ्यांतला, 'मिस केरळ' या नावाने ओळखला जाणारा डेनिसन बार्ब थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात वाढतो. जानेवारीत तो खुश दिसेल, पण मे महिन्यात त्याचे पाणी थंड ठेवताना थंडीत वाचवलेले सर्व युनिट परत द्यावे लागतील. शिवाय निसर्गात तो संकटग्रस्त प्रजातींमध्ये गणला जातो.

मासे घरी आधीपासूनच असतील तर निदान त्यांच्या सोयीच्या पट्ट्याची खालची बाजू शोधावी. दुकानदाराने सवयीने २८ वर लावून दिलेला हीटर एंजल माशांसाठी २५ वर आणता येतो. हा बदल दिवसाला १ अंशाहून वेगाने करू नये, कारण अचानक गारठलेल्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर उठतो, आणि मग उपचारासाठी पाणी पुन्हा तापवावेच लागते.

तिसरी पायरी : टाकीची जागा, झाकण आणि पाठ

टाकी खिडकीपाशी, बाहेरच्या भिंतीला लागून किंवा ये-जा होणाऱ्या दारासमोर ठेवली तर थंडीत ती रात्रभर उष्णता गमावते आणि उन्हाळ्यात दिवसभर तापते. घराच्या मध्यभागाकडची, आतली भिंत सर्वांत चांगली. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळावी, कारण ती संध्याकाळी तापून रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. थेट ऊन टाकीवर आले तर दिव्याची बचत होईल असे वाटते, पण हाती येते ते हिरवे पाणी आणि शेवाळ.

एसी असलेल्या खोलीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. खोली २४ अंशांवर आणि टाकी २८ अंशांवर असली की हीटर पाण्यात उष्णता घालतो, पाणी ती हवेत सोडते आणि एसी ती उचलून बाहेर टाकतो. एकाच उष्णतेसाठी दोन यंत्रे वीज घेत राहतात, तीही दोन्ही बाजूंनी. अशा खोलीत टाकी ठेवणे अटळ असेल तर कमी तापमानाचे मासे निवडावेत.

झाकणाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण त्याची किंमत कमी आणि उपयोग मोठा आहे. पाण्याची वाफ होताना ती मोठ्या प्रमाणात उष्णता बरोबर नेते. १ लिटर पाणी उडून जाण्यासाठी जवळपास ०.६८ युनिट एवढी उष्णता लागते; त्यातली काही आजूबाजूच्या हवेतून येते, पण बरीचशी टाकीतल्या पाण्यातून. उघड्या टाकीची पातळी आठवड्यात दोन-तीन बोटे उतरते तेव्हा त्या पाण्याबरोबर हीटरची मेहनतही उडून गेलेली असते. म्हणून थंडीत टाकीवर काचेचे झाकण असावे, खाणे टाकण्यासाठी आणि हवेची नळी जाण्यासाठी कोपऱ्यात फट ठेवून. काच कापून देणाऱ्याकडून ४ मिलिमीटरची पट्टी कडा घासून घेतली तर काम होते. हेच झाकण उन्हाळ्यात काढायचे आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल.

टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून इंचभर जाडीचे थर्मोकोल लावावे. मागच्या बाजूस निळा किंवा काळा कागद चिकटवायची पद्धत आहेच. त्यामागे थर्मोकोल सहज दडते. टाकीखाली तर ते तसेही असायला हवे, कारण तळाची काच सपाट टेकली नाही तर तडकण्याचा धोका असतो. समोरची काच आपल्याला पाहण्यासाठी मोकळी राहते. काच स्वतः उष्णता अडवत नाही, त्यामुळे तीन बाजू आणि तळ झाकल्याने फरक पडतो. माझ्या टाकीत हीटरच्या दोन तापण्यांमधला वेळ डोळ्यांना जाणवण्याइतका वाढला होता.

टाकी घेण्याआधीच हे वाचत असाल तर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. दीड-दीड फुटाच्या तीन टाक्यांपेक्षा तेवढ्याच पाण्याची एक टाकी कमी उष्णता गमावते, कारण पाण्याच्या मानाने तिची काच कमी असते. शिवाय तिला एक फिल्टर, एक दिवा आणि एक हीटर पुरतो.

चौथी पायरी : हीटर

मोठ्या वॅटचा हीटर घेतला की बिल वाढते हा गैरसमज आहे. टाकी जेवढी उष्णता गमावते तेवढीच हीटरला भरून काढायची असते. २०० वॅटचा हीटर ते काम ५ तासांत करील तर १०० वॅटचा १० तासांत, आणि युनिट दोन्ही वेळा सारखेच होतील. त्यामुळे हीटरचे वॅट ठरवताना वीजबिलापेक्षा सुरक्षितता पाहावी. आपल्याकडील थंडीसाठी दर लिटरला अर्धा ते एक वॅट पुरतो, म्हणजे ११० लिटरला १०० वॅटचा हीटर ठीक. फार मोठा हीटर अडकून चालूच राहिला तर मासे शिजण्याची वेळ येते. फार लहान असेल तर कडाक्याच्या रात्री तो न थांबता चालूनही पाणी गारच राहते.

खरी बचत थर्मोस्टॅट कितपत खरे बोलतो यावर अवलंबून असते. स्वस्त हीटरच्या टोपीवर २५ असे लिहिलेले असते आणि पाणी २८ वर गेलेले असते. म्हणून हीटरपासून लांबच्या टोकाला स्वतंत्र थर्मामीटर लावावा आणि सलग तीन-चार दिवस पहाटे आणि रात्री वाचून हीटरची खूण त्याप्रमाणे जुळवावी. हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ, आडवा किंवा तिरका बसवला तर ऊब सर्वत्र पसरते. कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्यात उभा केला तर त्याच्याभोवतीचेच पाणी तापते, तो लवकर बंद होतो आणि दुसरे टोक थंड राहते. ते थंड टोक पाहून लोक हीटरची खूण वाढवतात.

रात्री हीटर बंद ठेवून दिवसा चालू करण्याचा सल्ला काही जण देतात. सरासरी तापमान उतरल्याने त्यातून थोडी वीज वाचतेही, पण लहान टाकीत पाणी रात्रीतून झपाट्याने उतरते आणि ही रोजची चढउतार माशांना सोसत नाही. तेवढीच वीज २४ अंशांचे स्थिर तापमान ठेवून वाचवता येते.

हीटर कधी लावायचा याचे तारतम्य ठेवावे. पुणे, नाशिक आणि मराठवाड्यात साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा त्याचा काळ. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे थंडी राज्यात नेहमीच कडक असते, तो थोडा लांबतो. मुंबई, कोकणपट्टी आणि गोव्यात बहुतेक माशांना हीटरची गरजच पडत नाही. पाण्याचे तापमान सलग आठवडाभर हव्या त्या अंकाच्या वर राहिले की हीटरची पिन काढून, तो कोरडा करून, ठेवून द्यावा; बिघडलेल्या थर्मोस्टॅटचा हीटर पावसाळ्यातही गुपचूप चालू होऊ शकतो.

पाणी बदलण्याच्या दिवसाबद्दलही एक सूचना आहे. थंडीत गच्चीवरच्या टाकीतले सकाळचे पाणी फार गार असते. आदल्या दिवशी दुपारी बादल्या भरून घरात ठेवाव्यात, म्हणजे पाणी खोलीच्या तापमानाला येते आणि वारंवार ढवळल्यास त्यातले क्लोरीनही बरेच उडते. विजेत वाचते ते थोडेच, कारण २५ लिटर पाणी ८ अंशांनी तापवायला पाव युनिटही पुरते. पण माशांना धक्का बसत नाही, आणि ते अधिक महत्त्वाचे.

सुरक्षिततेच्या बाबतीत काटकसर नको. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा, तो पाण्याबाहेर असताना कधीही चालू करू नये, आणि तीन पिनांचा अर्थिंग असलेला बोर्डच वापरावा. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, सॉकेटमध्ये जात नाही. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर टाकी आणण्याआधी तो बसवून घ्यावा. बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकीत घालणाऱ्यांना तर हात जोडून सांगावेसे वाटते की तसे करू नका.

पाचवी पायरी : फिल्टर आणि हवा, जे कधीही बंद करायचे नाहीत

माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी मीही रात्री फिल्टर आणि पंप बंद ठेवत असे. चौथ्या दिवशी सकाळी दोन एंजल मेलेले होते आणि उरलेले पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून श्वास घेत होते. कारण मला फार नंतर समजले. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि त्यासाठी त्यांना वाहत्या पाण्यातून सतत प्राणवायू लागतो. बंद फिल्टरमध्ये काही तासांत प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात आणि सकाळी फिल्टर सुरू केल्यावर साचलेली घाण टाकीत येते. त्यात रात्री वनस्पतीही प्राणवायू सोडण्याऐवजी घेत असतात. १५ वॅटचा फिल्टर रोज ८ तास बंद ठेवून महिन्याला वाचतात साडेतीन युनिट. त्यासाठी एकही मासा मरू देऊ नये.

इथली बचत तास कमी करून नव्हे, तर योग्य आकाराचे उपकरण निवडून होते. गोड्या पाण्याच्या, माफक मासे असलेल्या टाकीला तासाला एकूण पाण्याच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा फिल्टर पुरतो. ११० लिटरला साधारण ५०० लिटर. हे काम ६ ते ८ वॅटचा फिल्टर करू शकतो. दुकानात मात्र 'पाणी जास्त स्वच्छ राहील' असे सांगून २५ वॅटचा दाखवला जातो. खोक्यावरचे दोन्ही आकडे वाचावेत, वॅट आणि तासाला लिटर, आणि दर वॅटला किती लिटर पडतात हे पाहावे. खोक्यावरचा लिटरचा आकडा पाणी वर न चढवता, रिकाम्या स्पंजवर मोजलेला असतो, म्हणून त्यातून थोडे कमी धरावे. टाकीत बुडवायच्या पंपाची सर्व वीज अखेर पाण्यात ऊब म्हणून उतरते; थंडीत ती हीटरला हातभार लावते, पण मे महिन्यात २५ वॅटचा पंप हा टाकीत लावलेला छोटा हीटरच ठरतो.

कमी मासे, लहान टाकी किंवा पिल्ले असतील तर स्पंज फिल्टरला तोड नाही. तो एअर पंपाच्या हवेवर चालतो, ३-४ वॅटमध्ये गाळणे आणि हवा दोन्ही कामे होतात, आणि पिल्ले ओढली जाण्याची भीती नसते. टाक्या दोन-तीन असतील तर प्रत्येकीला वेगळा पंप लावण्यापेक्षा अधिक तोंडांचा एक पंप घेऊन नळ्या वाटून घ्याव्यात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत उलट पाणी रोखणारी झडप बसवावी, म्हणजे वीज गेल्यावर पाणी नळीतून पंपात उतरत नाही.

देखभालीकडे दुर्लक्ष झाले की वीज तेवढीच जाते आणि काम अर्धेच होते. दर दोन आठवड्यांनी स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. महिन्यातून एकदा पंपाचा फिरता पंखा बाहेर काढून त्यावरचा बुळबुळीत थर आणि बोअरच्या पाण्याचे क्षार जुन्या दातघासणीने काढावेत. हवेच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन बुजला तर तो बदलावा.

फिल्टरच्या तोंडातून येणारे पाणी पृष्ठभाग नीट हलवत असेल तर वेगळा एअर पंप थंडीत नसला तरी चालते, कारण प्राणवायू मुख्यतः हलत्या पृष्ठभागातूनच विरघळतो. उन्हाळ्यात मात्र तो लावलाच पाहिजे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते.

सहावी पायरी : दिवा

मासे दिव्यावाचून राहू शकतात, म्हणून इथे तास कमी करायला वाव आहे. वनस्पती असलेल्या टाकीला ६ ते ८ तास पुरतात; केवळ मासे असतील तर आपण घरी असतो तेवढा संध्याकाळचा वेळ पुरे. १०-१२ तास जळणारा दिवा वीज घेतो आणि शेवाळ वाढवतो. जुन्या सेटमध्ये चोकवाली ३६ वॅटची ट्यूब असेल तर चोकचे दहा-बारा वॅट वेगळे धरावेत आणि त्या जागी १८-२० वॅटचा एलईडी बसवावा. लक्षात राहणे आणि विसरणे यांवर अवलंबून न राहता टायमर लावावा. यांत्रिक टायमर वीज गेली की तेवढा मागे पडतो, त्यामुळे जिथे वारंवार वीज जाते तिथे आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर बरा.

वनस्पतीही मंद उजेडातल्या निवडाव्यात : अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, वॅलिस्नेरिया, क्रिप्टो. क्रिप्टोची एक जात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ओढ्यांतच उगवते. जमिनीवर लाल गालिचा पसरवणाऱ्या वनस्पतींना प्रखर दिवे आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे लागते, ते पुढे कधीतरी पाहावे.

सातवी पायरी : उन्हाळ्याची तयारी

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद खोलीतले टाकीचे पाणी ३३-३४ अंशांवर पोहोचते. पाणी थंड करणारे चिलर यंत्र मिळते, पण लहान चिलरही दीडशे-दोनशे वॅट घेतो. त्याआधी वाफेचा उपयोग करावा. झाकण काढावे, मासे उड्या मारणारे असतील तर त्याजागी मच्छरदाणीची जाळी ताणावी, आणि संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा, दोन-तीन वॅटचा छोटा पंखा पृष्ठभागावरून तिरका वारा घालील असा लावावा. कोरड्या हवेत पाणी २ ते ४ अंशांनी उतरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही, पण तिथे पाणी तितके तापतही नाही. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी, आणि शक्यतो मृदू पाण्याची, कारण वाफ होऊन जाते ते पाणी आणि मागे राहतात ते क्षार. दिवा दुपारऐवजी रात्री आठनंतर लावावा आणि खाणे कमी करावे. बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडण्यात बचत नाही, फ्रीजने त्यासाठी वीज घेतलेलीच असते, आणि तापमान झटक्याने उतरते ते वेगळेच.

पहिल्या पायरीतल्या टाकीकडे परत येऊ. हीटर २४-२५ अंशांवर आणून, झाकण आणि थर्मोकोल लावून त्याचे तास १० वरून ४ वर आले, तर त्याचे महिन्याचे १२ युनिट होतात. फिल्टर ८ वॅटचा केल्यास पावणेसहा. दिवा ७ तासांवर आणल्यास सव्वाचार. एअर पंप होता तसाच. ५० च्या जागी २५ युनिट. वाचलेल्या २५ पैकी १८ उष्णतेतून आले आणि एकही पंप रात्री बंद करावा लागला नाही.

आठवी पायरी : वीज गेल्यावर

घरात इन्व्हर्टर असेल तर हीटर आणि दिवा त्या लाइनवर घेऊ नयेत. केवळ एअर पंप किंवा फिल्टर घ्यावा. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर चुंबकी पंप गुणगुणतात आणि तापतात, म्हणून त्यावर आधी अर्धा तास चालवून, हात लावून पाहावे. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत आणि बहुतेक शहरांतल्या मत्स्यपालनाच्या दुकानांत तो मिळतो. थंडीत वीज गेली तर टाकीवर जाड चादर टाकावी, समोरच्या काचेसह, आणि माशांना खायला घालू नये. वीज तीन-चार तासांहून जास्त वेळ गेली असेल तर परत आल्यावर बंद डब्याचा फिल्टर लगेच सुरू न करता आधी त्यातले साचलेले पाणी ओतून द्यावे, स्पंज टाकीतल्या पाण्यात हलकेच पिळावा आणि मगच सुरू करावा. बॅटरीचा पंप महिन्यातून एकदा पाच मिनिटे चालवून पाहावा, आणि सेल त्याच्या आत न ठेवता शेजारी ठेवावेत, म्हणजे ते गळून पंप खराब होत नाही.